थोरल्याच्या वेगाने

मित्रांनो, कॉम्प्युटरचा डबा उघडलात तर आत एक आडवी पट्टी दिसेल, तिच्यावर छोटा पंखा असेल. तो मी. मला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. पडद्यावर जे जे हलतं, रंगतं, चमकतं, ते सगळं माझ्या अंगातून जातं. आता माझा पंखा खरखरतो, रंगही उडालाय, पण बोलण्याइतकी धुगधुगी अजून आहे.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. माझा एक भाऊ माझ्याबरोबरच तयार झाला. दोघांची चिप एकाच नमुन्याची. तपासणीत तो जास्त वेगाला टिकला, म्हणून तो थोरला ठरला आणि महागड्या खोक्यात गेला. मी लवकर तापलो, म्हणून माझा वेग कमी ठरवला आणि मला मधल्या दर्जाच्या खोक्यात बसवलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

यवतमाळच्या दुकानातून राजदीपने मला बोरी अरबला आणलं. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या भिंतीला लागून त्याचा फोटो स्टुडिओ होता. तो शूटिंग करायचा आणि त्याची बायको दीपमाला मिक्सिंग, म्हणजे त्या शूटिंगची कापणी-जोडणी करायची. आजूबाजूच्या गावांतले मंगल परिणय, बारशी, निरोप समारंभ, सगळं माझ्या हाताखालून गेलं. बौद्ध लग्नातल्या नवरीच्या पांढऱ्या साडीची बारीक किनारही मी स्वच्छ दाखवायचो. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग गुलाबी बोंडअळीचं साल आलं. कापूस हातचा गेला आणि लग्नांचं शूटिंग लोक मोबाइलवरच करू लागले. स्टुडिओत माणूस फिरकेना. राजदीप पुण्याकडे एका भट्टीच्या कारखान्यात कामाला गेला. तिथे तो एकदा कामावरच भोवळ येऊन पडला. डॉक्टरांनी बजावलं, धगीचं काम सोडा. सोडून खाणार काय, म्हणून त्याने सोडलं नाही. दीपमालेच्या जिवाला घोर लागला.

तेवढ्यात नागपूरच्या एका कंपनीने तिला परीक्षा म्हणून एक लग्नाची फिल्म दिली. शनिवारी संध्याकाळपर्यंत ती पूर्ण करून पाठवली तर कायमचं काम, म्हणजे राजदीपला घरी परत बोलावता येणार होतं. पण फिल्म भलतीच भारी होती. तिला माझा थोरला भाऊ लागत होता, आणि घरात होतो मी.

दीपमाला हिकमती बाई. तिने इंटरनेटवर पाहून पाहून माझा वेग वाढवायला घेतला. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. थोडा वेग वाढवायचा, थोडी वीज जास्त पाजायची, मी टिकतो का पाहायचं, पुन्हा वाढवायचं. एका दुपारी मी थोरल्याच्या बरोबरीला पोहोचलो.

"आई, पाहा, हे तं त्या मोठ्या कार्डाएवढंच पळून राह्यलं," ती सासूला म्हणाली.

सासू कांताबाई पदराने वारा घेत म्हणाली, "पळन नं. घरातल्या साऱ्याइलेच पळा लागते आता."

मी फुशारलो. जन्मभराचा सल एका दुपारी निघून गेला. पण अंग भाजत होतं. मला तोंड नाही. पडद्याच्या कोपऱ्यात माझ्या तापाचा आकडा दिसतो, तेवढीच माझी भाषा. तो आकडा लाल झाला. दीपमालेने थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि ती चौकट बंद करून टाकली. तिला भीती वाटत होती, म्हणून तिने तिकडे बघणंच सोडलं.

बाहेर मे महिना पेटला होता. त्यात जिनिंगची रुई हंगामभर माझ्या जाळीत साचलेली. मला श्वास घेता येईना. कांताबाईला कळवळा आला.

"इतका तापून राह्यला तुया डब्बा, त्याले थंड हवा काहून नाही देत?" असं म्हणत तिने डब्याचं झाकण काढलं, घरातला पाण्याचा कूलर ओढत आणला आणि थेट माझ्या तोंडासमोर लावला. आमच्याकडे तापलेल्या माणसाला असंच निववतात. दीपमालाही म्हणाली, "बरं केलं, आई."

पहिल्या वाऱ्याने मलाही बरं वाटलं. पण ती हवा ओली होती. जाळीतली रुई भिजली, तिचा गच्च बोळा झाला आणि पाणी माझ्या नसांपर्यंत पोहोचलं. नवरा-नवरीच्या चेहऱ्यांवर पांढरे ठिपके पडले. मग आडवे पट्टे आले. मग पडदा काळा झाला. दीपमालेने मला उपसून पदरात गुंडाळलं आणि ती बाजारात धावली.

तिथे खेमसिंगचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने ओली रुई चिमट्याने काढली, गरम हवेने मला शेकलं, पुन्हा चालू करून पाहिलं.

"चाललं, वहिनी. पण आता याले दमानं घ्या. पुन्हा पळवसान तं हे जाईन."

दमानं घेतलं तर शनिवार चुकत होता. तिने नागपूरला फोन करून एक दिवस मागितला. तिकडून उत्तर आलं, दुसरे लोक रांगेत आहेत. ती परत येऊन माझ्यासमोर बसली. वेग वाढवायचं बटण बोटाखाली होतं. वाढवला असता तर मी नाही म्हणू शकलो नसतो. मी आतल्या आत याचना करत होतो, आणि तिचं काय होईल हेही मला कळत होतं.

इतक्यात राजदीपचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"डबल ड्यूटी करून राह्यलो. तू टेन्शन नको घेऊ. मले झेपते."

दीपमालेचं बोट बटणावरून खाली आलं. तिला रडू फुटलं.

"नाही झेपत तुमाले. काम नाही भेटलं मले. भेटणार बी नाही. तुमी तरी बी या."

"अन् खाऊ काय?"

"ते मले नाही मालूम. पहिले तुमी जित्ते घरी या."

पलीकडे भट्टीचा आवाज चालूच होता. मग तो म्हणाला, "गाडी पाहतो."

नागपूरचं काम गेलं ते गेलंच. राजदीप आला. तो इतका वाळला होता की कांताबाईने दारातच त्याचे दोन्ही हात धरले. या घरात पुढे चुलीवर काय शिजणार आहे, मला ठाऊक नाही. मी माझ्या वेगाने चालतो, वाढदिवसाचे फोटो रंगवतो.

मित्रांनो, यंत्राचा ताप आकड्यात दिसतो, तरी तो झाकता येतो. तुमच्या घरात कुणी राबत असेल आणि हसून 'मला झेपतं' म्हणत असेल, तर त्याच्या शब्दावर जाऊ नका. जवळ जा, त्याच्या कपाळाला हात लावून बघा.