भोकवाला चिमटा

मित्रांनो, मी झरी गावातला एक जुना लोखंडी चिमटा आहे. चिमटा म्हटले की तुम्हाला चुलीतला निखारा आठवेल. छे! मी चांगला कमरेएवढा उंच आहे आणि माझे काम शेतातले.

कापूस वेचून झाला की वाळलेली पऱ्हाटी मुळासकट उपटावी लागते. ते काम बायकांचे. माझ्या मालकिणीच्या, कडूबाईच्या तळहातांना इतके फोड यायचे की भाकरी थापताना ती कळवळायची. १९८४ साली तिने ठरवले, आता बास. गोठ्याच्या मोडक्या दाराला दोन लोखंडी पट्ट्या होत्या. त्यातली एक तिने काढून घेतली, मातीत काडीने माझे चित्र रेखले आणि मुंजाजी लोहाराला म्हणाली, "असा जबडा कर. दांडा दाबला की मूळ वर आलं पायजे."

तीनदा मी फसलो. चौथ्यांदा मात्र पहिलीच पऱ्हाटी मुळासकट वर! काय सांगू, मला माझाच हेवा वाटला. पट्टीत खिळ्याचे एक जुने भोक होते, ते तसेच राहून गेले.

मग राणीसावरगावहून पंडितराव आला. त्याचे गंगाखेडला अवजारांचे दुकान होते. कडूबाईच्या माहेरचा माणूस, म्हणजे भाऊच! तिने चहा पाजला आणि त्याने बघायला मागताच मला त्याच्या हाती दिले. "न्या की भाऊ, चार दिसांनी आणून द्या." त्याने मला परतही केले. पण पुढच्याच वर्षी झरीच्या कृषी प्रदर्शनात लाल रंगाचे तीस चिमटे उभे! वर पाटी होती, 'पंडितराव यांचा शोध'.

कडूबाई मला खांद्यावर टाकून मंडपात शिरली. परभणीहून आलेल्या महानंदाबाई तिथे पेटंटचे अर्ज भरून देत होत्या. पेटंट म्हणजे कल्पना ज्याची, त्याच्या हक्काचा सरकारी कागद. त्या कागदावर आता पंडितरावाचे नाव चढणार होते. माझा जीव कासावीस झाला.

कडूबाईने लाल चिमटे न्याहाळले आणि तिला हसूच फुटले. प्रत्येकाला भोक होते!

"भाऊ, हे भोक कशापायी पाडलंय?" तिने पंडितरावाला विचारले.

"पकड घट्ट बसती त्यानं. लय विचार करून पाडलंय!"

"तिथं दाराचा खिळा हुता, भाऊ. दुसरी पट्टी अजून गोठ्यात हाय."

गर्दीतला मुंजाजी धावत जाऊन ती पट्टी घेऊन आला. महानंदाबाईंनी माझ्यावर ठेवून पाहिली. भोकावर भोक तंतोतंत बसले! मंडपात एकच गलका झाला. पंडितरावाने आपल्या हाताने पाटी उतरवली. अर्जावर नाव लागले कडूबाईचे, खाली तिचा अंगठा. तीन वर्षांनी पेटंट आले, त्या दिवशी तिने मला हळदकुंकू लावले.

आता मी खुंटीला टांगलेला असतो, थोडा गंजलोही आहे. मित्रांनो, तुमच्या आईला, आजीला एखादी युक्ती सुचली तर 'त्यात काय एवढं' म्हणू नका. ती कोणाला दाखवण्याआधी तिच्या नावाने नोंदवा. आणि माझा गंज पुसलात तरी भोक बुजवू नका. नवे चिमटे घडवताना मुंजाजीने विचारले होते, "आता हे भोक कशाला?"

कडूबाई म्हणाली होती, "राहू दे. कागदावर अंगठा दिला, पण सही माझी ही हाय."