हरभऱ्याची अळी पाळणारी बरणी

मित्रांनो, मी काचेची एक जुनी बरणी आहे. नीट निरखून पाहिलंत, तर माझ्या अंगात तांदळाएवढे दोन बुडबुडे दिसतील. मी भट्टीत घडत होते तेव्हा वितळलेल्या काचेत शिरलेली हवा तिथेच राहून गेली. त्या दोन बुडबुड्यांवर ऊन पडलं की मला अजूनही गुंगी येते, आणि साऱ्या आयुष्याची चित्रं हळूहळू डोळ्यांपुढून सरकू लागतात.

माझी पहिली काही वर्षं सेलूच्या बाजारात, बन्सीधर शेटच्या दुकानात गेली. माझ्यात लिंबाच्या गोळ्या असत. पुढे प्लास्टिकच्या हलक्या बरण्या आल्या आणि शेटने मला वालूरजवळच्या एका खेड्यातल्या चांगुणाबाईंना देऊन टाकलं. चांगुणाबाई विधवा होत्या, एकट्या राहत. त्यांनी मला राखेने घासून लख्ख केलं आणि माझ्यात लोणचं घातलं.

शेजारच्या घरी कस्तुरा नावाची मुलगी होती. तिसरीत शिकणारी, बोलायला कमी आणि बघायला जास्त. मुंगी जरी दिसली तरी तिच्या मागे मागे बिळापर्यंत जाणारी. त्या हिवाळ्यात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनामुळे एसटी गाड्या वरचेवर बंद पडायच्या. दत्तराव गुरुजी सेलूहून येत, त्यामुळे शाळाही बंद पडायची. एकदा गाडी सुटण्याआधी गुरुजींनी मुलांना सांगितलं, "शाळा बंद असली तरी डोळे बंद ठेवू नका. एखादं पान, एखादा किडा घरी ठेवा. रोज बघा आणि दिसंल त्याचं चित्र काढा."

कस्तुरा धावत चांगुणाबाईंकडे आली. "काकू, मला एक काचंचं भांडं द्या की. आतलं दिसाया पाह्यजे."

चांगुणाबाईंनी उरलेलं लोणचं वाडग्यात काढलं, मला धुऊन उन्हात वाळवलं आणि तिच्या हातात दिलं. म्हणाल्या, "जप गं माय, काच हाय."

मित्रांनो, लोणच्याची बरणी शाळा झाली ती अशी! कस्तुराने आपल्या शेतातून हरभऱ्याचा एक डहाळा आणला. त्याच्या पानावर खसखशीएवढे पिवळसर दोन दाणे चिकटले होते. तिने माझ्यात चार बोटं ओलसर माती भरली, डहाळा खोवला आणि तोंडाला जुन्या लुगड्याचं विरविरीत फडकं बांधलं. मग मला घरातल्या कोनाड्यात ठेवलं. त्यांच्या माळवदाला, म्हणजे मातीच्या सपाट छताला, उजेडासाठी एक गोल सवणं होतं. दुपारी त्यातून उन्हाची एक काठी खाली उतरायची आणि सरकत सरकत माझ्यापर्यंत यायची. तेवढा वेळ मी नुसती सोन्यात बुडून असायचे.

तिसऱ्या दिवशी त्या दाण्यांतून केसाएवढ्या दोन अळ्या निघाल्या. कस्तुरा श्वास रोखून बघत राहिली आणि मग तिने वहीत दोन बारीक रेघा काढल्या.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चांगुणाबाई कस्तुराच्या शेतात गेल्या. हरभऱ्यावर फडकी पसरून दवाबरोबर पानांवरून उतरलेला आंबट रस, म्हणजे आंब, त्या पिळून घेत. पोटदुखीवर ती आंब साऱ्या गावाला लागे. परत जाताना कस्तुराचे वडील, आश्रुबा, बांधावर भेटले. चांगुणाबाई मोकळ्या मनाने म्हणाल्या, "लय झकास हरभरा आलाय, आश्रुबा. नजर ठरंना बघा."

आठ-दहा दिवसांत त्या हरभऱ्यात अळीच अळी झाली. पानं खाऊन झाली आणि कोवळ्या घाट्यांना भोकं पडली. आश्रुबा घरी आले ते संतापूनच. "तिचीच नजर लागली. उभ्या पिकाला दृष्ट लावली त्या बाईनं! आता तिनं आपल्या बांधावर पाय ठेवायचा न्हाई, आन् पोरीनंबी तिच्या दारात जायचं न्हाई."

ही गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. लोक पोटदुखीला आंब मागेनासे झाले. चांगुणाबाई विहिरीवर आल्या की बाया घागरी उचलून बाजूला होऊ लागल्या.

कस्तुरा म्हणाली, "आबा, काकू आल्या त्याच्या आधीच अळी निघाली व्हती. माझ्या वहीत हाय."

आश्रुबांची नजर माझ्यावर गेली. "ही बरणी कुणाची? तिचीच न्हवं? मग हिच्यात दुसरं काय निघनार? फेकून दे उकिरड्यावर!"

कस्तुराची आई, नर्मदाबाई, पुढे झाल्या. नवऱ्यापुढे त्या कधी बोलत नसत, तेव्हाही बोलल्या नाहीत. त्यांनी मला उचललं, परसात नेल्यासारखं केलं आणि दाण्याच्या कणगीमागे ठेवून दिलं. जाताना फडक्याची सुटलेली गाठ तेवढी घट्ट केली.

कणगीमागे अंधुक उजेड होता. कस्तुरा रोज हळूच येऊन ताजा डहाळा ठेवायची. एके दिवशी दोनातली एकच अळी उरली. मोठीने धाकटीला खाल्लं होतं. कस्तुराचे डोळे भरून आले, पण तिने तेही चित्र काढलं. उरलेली अळी बोटाच्या पेराहून मोठी झाली आणि एका सकाळी माझ्या मातीत शिरून दिसेनाशी झाली.

मग काहीच घडेना. दिवसामागून दिवस गेले. वहीत नुसत्या मातीचीच चित्रं होऊ लागली. मला मात्र काचेच्या कडेशी चिकटलेलं एक तपकिरी, गुळगुळीत कवच जाणवत होतं. त्यात कुणीतरी गाढ झोपलं होतं. त्याच्या झोपेने मलाही झोप येई. त्याचे अजून न फुटलेले पंख मला स्वप्नात ऐकू येत.

संक्रांत आली. कस्तुराने साऱ्या गल्लीला तिळगूळ वाटला. चांगुणाबाईंच्या बंद दारापुढे ती थोडा वेळ उभी राहिली आणि घरी येऊन माझ्याजवळ बसून रडली.

त्यानंतर चारच दिवसांनी, दिवेलागणीला, माझी माती हलली. ओले, चुरगळलेले पंख घेऊन एक जीव डहाळ्यावर चढला. हळूहळू पंख उलगडले. वाळल्या गवताच्या रंगाचं पाखरू होतं ते! कस्तुराच्या तोंडून आनंदाची किंकाळी निघाली आणि आश्रुबा आत आले.

"फेकली न्हाई व्हय ही?" त्यांनी नर्मदाबाईंकडे पाहिलं.

"मीच ठिवली," नर्मदाबाई म्हणाल्या. "पोरीचं बघणं पुरं व्हऊ द्यावं म्हनलं."

आश्रुबा वाकले. पाखरू निरखून पाहू लागले. असली पाखरं त्यांनी रोज सांजवेळी हरभऱ्यावर घिरट्या घालताना पाहिली होती, पण त्यांचा अळीशी काही संबंध असेल हे कधी मनात आलं नव्हतं. कस्तुराने वही उघडली. दाणा, रेघ, अळी, माती आणि आता पाखरू. आश्रुबा एकेक पान उलटत राहिले.

"आबा," कस्तुरा म्हणाली, "ह्या अळीला काकूंनी येकदाबी बघितलं न्हाई. रोज मीच बघत व्हते. मग माझी नजर वाईट हाय का?"

आश्रुबांनी वही मिटली. मग मला उचलून पुन्हा कोनाड्यात ठेवलं.

सकाळी ते स्वतः चांगुणाबाईंच्या दारात गेले. मला काखेत धरलं होतं, म्हणून सारं मी ऐकलं.

"वैनी, हरभऱ्यातली अळी झटकायचीय. तुमची फडकी लागतील. आन् तुमीबी या."

चांगुणाबाई दाराला धरून उभ्या होत्या. "कोन्या बांधावरनं येऊ?" त्यांनी विचारलं.

आश्रुबांची मान खाली गेली. "माझ्याच. मी चुकलो, वैनी. गावातबी सांगतो तसं."

त्या दिवशी चौघांनी मिळून झाडं हलवून हलवून फडक्यांवर अळ्या पाडल्या आणि पानांवरचे अंड्यांचे दाणे चिरडले. सारं पीक काही वाचलं नाही, निम्म्याच्या आसपास हाती आलं. आश्रुबांनी पुढे चावडीवर दहा माणसांत चूक कबूल केली. तरी काही बाया विहिरीवर पुढची दोन वर्षं बाजूला होतच राहिल्या. बोललेला शब्द अळीसारखा फडक्यावर झटकता येत नाही, मित्रांनो.

ते पाखरू कस्तुराने ओढ्याकाठी सोडलं. मग माझ्यात बेडकाची पिल्लं आली, मोड आलेला मूग आला, गोगलगाय आली. गावातली मुलं मला आळीपाळीने घरी नेत. पुढे एकदा ओट्यावर आपटून मला गळ्यापासून बुडापर्यंत चीर गेली. पाणी ठरेना, म्हणून कितीतरी वर्षं मी अडगळीत पडून होते. आता कुणीतरी मला पुन्हा पुसून माझ्यात माती भरली आहे. काचेलगत मुळं उतरताना मला कळतात, गांडुळांच्या वाटा कुशीत गुदगुल्या करतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी रिकामी बरणी असेल. तिच्यात एखादं पान ठेवा आणि पुष्कळ दिवस बघा. आतल्या जीवाला उपाशी ठेवू नका, कोंडून विसरू नका. आणि ज्या दिवशी कुणी तुमच्यासमोर एखाद्या माणसाला नावं ठेवील, त्या दिवशी लगेच मान डोलावू नका. आम्हा काचेच्या भांड्यांना गळ्याशी धरून उचलू नये, बुडाखाली हात द्यावा लागतो. माणसांनाही तसंच जपून धरा.