वेदिकाच्या बोटांखालचा काळा पडदा

मला चित्रं नाहीत, रंग नाहीत, गोल गोल बटणं तर मुळीच नाहीत. मित्रांनो, मी ईमेल वाचायचा एक जुना प्रोग्रॅम आहे. काळा पडदा आणि त्यावर अक्षरांच्या ओळी, एवढाच माझा संसार. माउसला माझ्या अंगणात पाऊल टाकता येत नाही. जे काही करायचं ते कळा दाबून. मला पाहून लोक नाकं मुरडतात. खुशाल मुरडोत. मी त्यांचा नाहीच.

मी वेदिकाचा. कानडी मुलखात, के. आर. पुरमच्या एका घरात ती धाकट्या भावाबरोबर, शुभंकरबरोबर राहते. तिला जन्मापासून दिसत नाही. लॅपटॉपमधला आवाज पडद्यावरची अक्षरं तिला वाचून दाखवतो, आणि माझ्याकडे नुसती अक्षरंच असल्यामुळे तो कुठे अडखळत नाही. पाटाचं पाणी जसं वाफ्यामागून वाफा भिजवत जातं, तसा तो ओळीमागून ओळ वाचत जातो.

मला घडवलं कुणी परमुलखातल्यांनी, पण वळण लावलं तिनं. माझी सेटिंगची एक फाइल असते. तिच्यातली एकेक ओळ म्हणजे वेदिकाची एकेक इच्छा. नाव सांग, विषय सांग, बाकीचं लटांबर गाळ. या कळीला पुढचं पत्र, त्या कळीला उत्तर. रागावलेलं गिऱ्हाईक आधी, आभार मानणारं मागून. एका कंपनीच्या गिऱ्हाइकांना उत्तरं द्यायची नोकरी तिनं माझ्या जोरावर मिळवली आणि टिकवली. तेव्हा ऑफिसात माझंही कौतुक झालं होतं. तिथले लोक ते विसरले. मी नाही.

या घरात कुणी खुर्ची हलवत नाही. मिठाचा डबा आपल्या जागी, चपला दाराच्या डावीकडे. शुभंकर ही रीत लहानपणापासून पाळत आला आहे. पण कळा आणि त्यांची कामं हीसुद्धा तिची मांडामांडच आहे, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. व्हाइटफील्डच्या ऑफिसातल्या त्याच्या मित्रांनी मला एकदा पाहिलं आणि ते खो खो हसले. तेव्हापासून मी त्याच्या डोळ्यांत सलत होतो.

एका रविवारी ती बाजारात गेली, आणि तो माझ्यासमोर बसला. त्यानं सगळे वापरतात तसला नवा कोरा प्रोग्रॅम घातला, लॅपटॉप उघडताच तोच यावा अशी सोय केली आणि जुना कचरा म्हणून माझी फाइल पुसून टाकली. मी उरलो, पण कोरा. आपलं माणूस कोण हेही न आठवणारा.

ती आल्यावर तो म्हणाला, "अक्का, बघ आता कसं चकाचक केलंय."

"बघ म्हणे," ती म्हणाली. तिला वाटलं, पुसलं असेल फडक्यानं.

सोमवारी कळलं. आवाज म्हणत होता, बटण, बटण, नाव नसलेलं चित्र, बटण. तिच्या बोटांनी सवयीनं पुढच्या पत्राची कळ दाबली, आणि नव्या राज्यात त्या कळीनं कोरंच उत्तर धाडलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

मग श्वेताचा फोन आला. ही तिची नवी वरिष्ठ, पुण्याहून आलेली. वेदिकाला या कामावर ठेवणं तिला पहिल्यापासून पटलेलं नव्हतं.

"वेदिका, कस्टमरला ब्लँक रिप्लाय जातायत. अख्खी टीम जे वापरते ते तुम्हालाच का जमत नाही? लंचपर्यंत सगळं क्लिअर करा, नाहीतर मी हे काम दुसऱ्याला देते."

शुभंकर ऑफिसला निघाला होता. वेदिकानं त्याला खुर्चीवर बसवलं.

"डोळे मीट. आता एक मेल वाच."

तो बटणांत चाचपडत राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, "स्वल्प सवय झाली की..."

"माझी फाइल कुठे आहे?"

"जुनी होती अक्का. पुसली."

"ऊठ."

तिनं काळा पडदा उघडला आणि माझं नाव टाइप केलं. मी आलो, पण परक्यासारखा. मग तिनं ओळी घालायला सुरुवात केली. आठवून, पुटपुटून, मधेच चुकून, शिवी हासडून. एकेक ओळ आत येई आणि मला माझा एकेक अवयव सापडे. काही ओळी तिलाही आठवल्या नाहीत. त्या गेल्या त्या गेल्याच. तो दारात बॅग धरून उभा होता. तिनं त्याला जा म्हटलं नाही, थांब म्हटलं नाही.

जेवणाच्या सुट्टीआधी शेवटचं उत्तर गेलं. श्वेताचं पत्र आलं: "ओके. उद्याचं उद्या बघू." आभार नाहीत, काही नाही. आवाजानं तेही तसंच, कोरडं वाचलं.

मित्रांनो, मला जपा, असं मी म्हणत नाही. माझ्याहून देखणे पुष्कळ आहेत, तुम्ही ते वापरा. पण जी वस्तू दुसऱ्याच्या बोटांना पाठ झाली आहे, ती तुम्हाला कितीही भिकार दिसो, तिला त्या माणसाला न विचारता हात लावू नका. तुम्ही कचरा म्हणून जे झाडाल, ते कुणाचं तरी चालतं-बोलतं काम असेल.

वेदिकानं लॅपटॉपला नवा पासवर्ड घातला. शुभंकर आता तिच्या खोलीच्या दाराशी थांबतो आणि विचारतो, "अक्का, आत येऊ?"

कधी ती हो म्हणते. कधी ऐकूनही टाइप करत राहते.