जिजाबाईचा प्रेमदास

“एक नाव राह्यलं, पाटील.”

जिजाबाई मागच्या रांगेतून उठली तेव्हा शाळेच्या पटांगणातली पोरं पेढ्यांच्या ओढीनं चुळबुळायला लागली होती. सत्तावन्न सालचा पंधरा ऑगस्ट. बेचाळीसच्या गोळीबारात पडलेल्या चंद्रभानचं नाव घेऊन पुंडलिकराव पाटलांनी गावाला दोन मिनिटं उभं केलं होतं आणि पुन्हा बसवलं होतं.

“कोनाचं?” ठाऊक असूनही पाटलांनी विचारलं.

“माह्या प्रेमदासचं.”

प्रेमदास तिचा एकुलता एक. महायुद्धाच्या दिवसांत पलटणीत गेला. त्याची बोट शत्रूनं भर समुद्रात बुडवली आणि घरी तार आली, एवढंच. मढं नाही, राख नाही. जिजाबाईनं समुद्र कधी पाहिला नव्हता. पाणी म्हणजे तिला पुरातली धाम नदी ठाऊक.

एकदाच तो रजेवर आला होता. स्टेशनावरून बूट वाजवत, पाटलांच्या दारावरून. तिच्या वस्तीतली माणसं त्या दारासमोरून पायताण हातात घेऊन जायची. “काढ ते!” पाटील ओट्यावरून ओरडले. प्रेमदास थांबला, त्यानं त्यांना कडक सलाम ठोकला आणि तसाच पुढे गेला.

“तो इंग्रजाच्या पलटनीत होता,” पाटील म्हणाले. “देशासाठी नाई मेला. पोटासाठी गेलता.”

“गेलताच पोटासाठी. तुमच्या दारची वेठ करत मरनार नाई म्हने. बुडताना तो का इंग्रज झाला?”

पुढे सतरंजीवर बसलेली चंद्रभानची आई, रुख्मिणी, वळली. “आज माह्या पोराचा दिवस हाये, बाई. काऊन मोडून राह्यली?”

जिजाबाईचा आवाज जरा खाली आला. “तुह्या पोराचं तोंड तुले पाह्याले भेटलं, रुख्मिणी. तू त्याले आंघोळ घातली. माह्याजवळ नावच हाये. तेबी गिळू?”

रुख्मिणीनं मान फिरवली. पाटलांनी पेढे वाटायला लावले. त्या गलक्यात जिजाबाईनं छाती भरून स्वतःच नाव घेतलं, “प्रेमदास कवडू मेश्राम!” आणि पेढा न घेता ती घरी गेली.

वस्तीनं नागपूरला दीक्षा घेऊन वर्षही झालं नव्हतं. गावाशी आधीच वाकडं होतं. तिचा दीर बापूराव म्हणाला, “वैनी, पाटलानं वावरातलं काम बंद केलं तं?”

“मंग सिंदीच्या जिनात जाईन.”

पाटलांनी काम बंद केलंच. जिजाबाई कापसाच्या हंगामात सिंदीच्या सरकी काढायच्या कारखान्यात पायी जाऊ लागली. संध्याकाळी परतायची तेव्हा केसांत, भुवयांत कापूस असायचा.

पुढच्या वर्षी चंद्रभानच्या नावामागोमाग पाटलांनी घाईनं ‘जय हिंद’ म्हटलं. जिजाबाई उठली, नाव घेतलं, निघून गेली. कोणीतरी हसलं.

तिसऱ्या वर्षी ‘जय हिंद’ झाल्यावर लोक उठू लागले. रुख्मिणी मात्र सतरंजीवरून हलली नाही.

“उठता काऊन?” ती थेट पाटलांना म्हणाली. “बसा. तिले बोलू द्या.”

पाटील घुटमळले. मग खुर्चीत बसले. उठलेले लोकही खाली बसले.

जिजाबाई कोणाच्या परवानगीसाठी थांबलीच नव्हती. ती केव्हाची उभी होती. आता ओरडायची गरज नव्हती, तरी तिनं नाव नेहमीच्याच जोरानं घेतलं.