उतरणीची तारीख

मी गोल्सा बोलतेय. पाठ पांढरी, पोट काळं, पाय लांब आणि अंगावर मांस जेमतेम. आइसलंडच्या उत्तरेकडच्या आमच्या खोऱ्यातली मी पुढारी मेंढी. पुढारी म्हटल्यावर हसू नका. आमच्यात पुढारी खरंच पुढे चालतो, मागे बसून पत्रकं काढत नाही.

मे महिन्यातल्या गारठ्यात स्टेन्वरच्या गोठ्यात माझा जन्म झाला. माझी आईही पुढारीच होती. स्टेन्वरने मला उचललं, पाय चाचपले, कान पाहिले आणि म्हणाली, "ही खायची नाही. ही विचारायची." तेव्हा ती पन्नाशीच्या पुढे होती, एकटीच शेत सांभाळायची आणि माणसांपेक्षा आमच्याशीच जास्त बोलायची. मला जे काही ठाऊक आहे ते तिच्या तोंडून, गवत घालता घालता ऐकलेलं.

उन्हाळाभर सगळ्या खोऱ्याच्या मेंढ्या वरच्या माळावर चरतात. माळ आणि खोरं यांच्यामध्ये तारेचं लांबच लांब कुंपण, त्याला एकच फाटक. सप्टेंबर लागला की मला बर्फाची चाहूल लागे. कशी लागते ते विचारू नका, मलाही सांगता येत नाही. मग मी मेंढ्या गोळा करायची आणि फाटकाशी येऊन उभी राहायची.

स्टेन्वरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून फाटक दिसतं. मी दिसले की ती धाकट्या भावाला फोन लावायची, "केटिल, आली रे गोल्सा."

केटिल पंचायतीचा सरपंच. बैठक नाही, ठराव नाही. दुपारपर्यंत सगळ्या घरी निरोप जायचा, आणि दुसऱ्या दिवशी घोडे-कुत्री घेऊन माणसं उरलेल्या मेंढ्या आणायला माळावर चढायची. हीच आमची उतरणी. सभागृहाच्या छपरावरून ही माणसं तीन वर्षं भांडली, पण माझ्या शब्दावर कधी वाद झाला नाही. सात वर्षांत आमची एकही मेंढी बर्फाखाली गेली नाही.

पण पंचायतीत माणसं उरली होती सत्तेचाळीस. पन्नासच्या खाली गेलात तर शेजाऱ्यांत विलीन व्हा, असा वरून नियम आला. एका संध्याकाळी केटिल गोठ्यात आला आणि गव्हाणीला टेकून उभा राहिला.

"ताई, ऐक तरी. डांबरी रस्ता मिळेल, शाळा राहील. गरम पाण्याचा पोहण्याचा तलावसुद्धा बांधणार आहेत."

"तुला पोहता तरी येतं का रे?"

"थट्टा नको गं. सत्तेचाळीस माणसांत मीच सरपंच, मीच शिपाई आणि रस्त्यावरचा बर्फ काढणाराही मीच. दमलो मी आता."

"दमलास तर खुर्ची सोड. खोरं कशाला सोडतोस?"

तो गव्हाणीतलं गवत खालीवर करत राहिला. मला तेव्हा त्याची दया आली होती. ती दया मला आज परत हवी आहे.

कॉफी आणि पीळ घातलेल्या गोड शंकरपाळ्यांवर सभा पार पडली. विलीनीकरणाच्या बाजूने तेवीस, विरोधात सतरा. पंचायतीची पाटी उतरली. तीन खोऱ्यांची मिळून एक मोठी पंचायत झाली. तिचं कार्यालय नव्वद किलोमीटरवर, बंदराच्या गावात. नऊ खुर्च्यांपैकी कोपऱ्यातली एक केटिलला मिळाली. डांबर आलं ते नव्या पंचायतीच्या पाटीपर्यंत आणि तिथेच थांबलं. शाळा दुसऱ्याच वर्षी बंद पडली. तलावाचं चित्र कार्यालयाच्या भिंतीवर लावलंय म्हणे, फार सुरेख आहे.

आमच्या वाट्याला आलं एक पत्र. तिन्ही खोऱ्यांची उतरणी एकाच दिवशी होईल, सप्टेंबरचा तिसरा शनिवार. शहरातली माणसं सुट्टीच्या दिवशी बघायला येतील, कोकराच्या सूपचा तंबू लावता येईल. कोणी आधी उघडून मेंढ्यांची सरमिसळ करू नये म्हणून फाटकाला साखळी आणि कुलूप. किल्ली कार्यालयात. पत्राखाली त्या नऊ जणांच्या समितीच्या सह्या, त्यांत एक केटिलची.

त्या वर्षी उतरणीच्या आधीच्या बुधवारी वारा अचानक पडला आणि मला चाहूल लागली. मी निघाले. चारशे मेंढ्या मागे आल्या. माझी लेक मोरा माझ्या खांद्याला खांदा लावून चालत होती. दोन वर्षांची, तपकिरी, माझ्याहून हुशार. कळपात कोण मागे राहिलंय हे तिला मान न वळवता कळायचं.

गुरुवारी सकाळी आम्ही फाटकाशी उभ्या राहिलो. स्टेन्वर ओल्या हातांनीच धावत आली आणि तिथूनच कार्यालयाला फोन लावला. पलीकडच्या बाईचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"अहो, हवामानाचा इशारा अजून पिवळाच आहे. तारीख बदलायची तर समितीची बैठक लागते, आणि बैठक सोमवारी."

"सोमवारी? उतरणी तर शनिवारी आहे!"

"मग काळजीच मिटली की. शनिवारी उतरतीलच ना मेंढ्या."

मग तिने केटिलला बोलावलं. तो आला आणि साखळीकडे बघत राहिला.

"केटिल, आली रे गोल्सा."

"दिसतंय मला."

"मग तोड ते कुलूप."

"ताई, त्या कागदावर माझी सही आहे. मीच तोडलं तर तिथे कोणत्या तोंडाने बसू? दोनच तर दिवसांचा प्रश्न आहे."

"दोन दिवस थांब म्हणून आभाळाला सांगून ये जा."

सात वर्षं तो माझ्या डोळ्यांत बघून निर्णय घ्यायचा. त्या दिवशी त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. आणि खरं सांगायचं तर स्टेन्वरवरही माझा राग आहे. तिच्या ट्रॅक्टरमध्ये तार कापायची मोठी कात्री होती. पण ही माणसं अशीच, वादळाला भिणार नाहीत आणि शिक्का मारलेलं पत्र आलं की थांबतील. तीही थांबली. आम्ही रात्रभर तिथेच उभ्या होतो.

शुक्रवारी दुपारी पावसाचा बर्फ झाला, ओला आणि जड. समुद्राकडून वारा सुटला. तेव्हा दोघं बहीणभाऊ कात्री घेऊन धावत आले. साखळी तुटली, फाटक सताड उघडलं. पण मेंढी वाऱ्याला पाठ देते आणि वारा फाटकाकडूनच येत होता. कळप उलट माळाकडे, घळीकडे ढकलला गेला. मी वाऱ्याकडे तोंड करून चालत राहिले. माझ्या मागे तीसएक जणी आल्या. मोरा आली नाही. मागे राहिलेल्यांना वळवायला ती परत फिरली. ते तिला मीच शिकवलं होतं.

पाच दिवस सगळं खोरं लांब काठ्यांनी बर्फ टोचत फिरलं. काही मेंढ्या जिवंत निघाल्या, बऱ्याचशा नाही. केटिलच्या हातांची सालं निघाली तरी तो थांबेना. सहाव्या दिवशी मोरा त्यालाच सापडली. बर्फात उभीच होती, तोंड फाटकाकडे. भोवती साठ जणी, सगळ्या गार.

स्टेन्वर ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "काठी ठेव आणि घरी जा." त्यानंतर ती भावाशी बोललेली नाही.

कार्यालयाचं पत्र आलं. तीव्र दुःख झालं आहे, अभ्यास समिती नेमली आहे, आणि पुढच्या वर्षीची उतरणी सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी. सूपचा तंबू मोठा असेल.

आता मी गोठ्यातच असते. माळावर जायचं म्हटलं की पाय उचलत नाहीत, आणि स्टेन्वर ढकलत नाही. तिची गाडी बाहेर गेलेली बघून केटिल मात्र येतो. गव्हाणीशी बसतो, माझ्या कपाळावर हात ठेवतो. परवा त्याला रडू आवरेना.

"गोल्सा, ताईला सांग ना गं. सांग, मला माफ कर म्हणून."

केटिल, मी मेंढी आहे रे. मला जन्मात एकच गोष्ट सांगता आली. ती मी तुझ्यासमोर दोन दिवस उभं राहून सांगितली.