बाभळीची काळी शाई

हंगाम सरला की ताहेरा ग्रुपवर एक संदेश टाकायची. तिच्या चित्रकलेच्या वर्गातल्या मुलांचे आईबाप, चित्रं विकत घेणारी चार माणसं, जुन्या मैत्रिणी, सगळे एकाच ग्रुपवर. काय शिकवलं, कुठं भटकून आले, चित्रं कुठं लागणार, एवढंच. पावसाळ्याचा संदेश अर्धा लिहून झाला होता. परतूरचा रविवारचा वर्ग भरला होता. टेंभुर्णीच्या ओढ्याकाठच्या बाभळी बघून झाल्या होत्या. उरलं होतं प्रदर्शनाचं. पुण्यातल्या एका कलादालनानं पुढच्या महिन्यात तिची चित्रं लावायचं कबूल केलं होतं. पहिल्यांदाच फक्त तिची. दोन वर्षांची सगळी मेहनत त्या चित्रांत होती.

संदेशासोबत फोटो हवा म्हणून तिनं पलंगाखालची पेटी ओढली. वरचं चित्र उचललं. कागद वर आला, झाड खालीच राहिलं.

आधी तिला कळलंच नाही. कागदात खोडाच्या आकाराचं भोक होतं आणि त्यातून समोरची भिंत दिसत होती. सुटलेलं खोड पेटीत आडवं पडलं होतं. बोट लावताच त्याचा चुरा झाला. दुसरं चित्र. तिसरं. फांदी जितकी गडद, तितकी चीर लांब.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही, हेच वाईट. रसायनशास्त्रातली पदवी होती तिच्याकडे. शाई तिची स्वतःची: बाभळीच्या शेंगा भिजवून काढलेलं पाणी आणि मडक्यात आंबवलेल्या गुळाच्या पाण्यात मुरवलेलं लोखंड. लोखंड अब्बू आणायचे. एमआयडीसीतल्या सळयांच्या कारखान्यात तापलेल्या सळईवरून काळी पापडी झडते, ती. पहिली शाई करडी उमटली होती. तिला काळं हवं होतं, म्हणून ती लोखंड वाढवत गेली. शेंगांचा तुरटपणा जेवढं धरतो तेवढ्याच लोखंडाची शाई होते. उरलेलं दमट हवेत कागदाचे धागे तोडत राहतं. परीक्षेत विचारलं असतं तर तिनं हे बरोबर लिहिलं असतं. मडक्यात डोकावताना तिला फक्त काळं दिसलं होतं.

तिनं सुरेखाला फोन लावला. परतूरचा वर्ग दोघी मिळून घ्यायच्या.

“सगळी गेली?”

“सगळी.”

“मंग चुन्याच्या निवळीत बुडवून बघ. तूच सांगती ना, आंबट मरतं म्हणून.”

“ओलं केलं की हातात लगदा येईल, बाई.”

“नवीन काढ की मंग. महिना हाये.”

“दोन वर्षं लागली गं याला.”

सुरेखा हळूच म्हणाली, “अन् पोरांनी घरी नेलेली?”

ताहेराला ते सुचलंच नव्हतं. तीच शाई, तेच मडकं.

संध्याकाळी अब्बू पिशवी घेऊन आले. “ले, आज भरपूर लाया. मुकादम बोला, तेरी बेटी लोहा खाती क्या?”

“अब मत लाओ, अब्बू.”

“क्यूं? हो गया पूरा काला?” ते हसले. मग त्यांची नजर उघड्या पेटीत गेली. पिशवी कुठं ठेवावी ते त्यांना कळेना.

दालनवाल्यांना तिनं कळवलं. “हरकत नाही,” ते म्हणाले, “ती तारीख मागणारे खूप आहेत.”

मग तिनं संदेश पुसून नव्यानं लिहिला. प्रदर्शन होणार नाही. चित्रं शाईनंच खाल्ली, चूक माझी. मुलांनी नेलेली चित्रंही त्याच शाईची आहेत, तीही तुटतील.

पहिलं उत्तर लगेच आलं: “अभिनंदन मॅडम.” पाठोपाठ टाळ्या, गुलाबाची फुलं, “असंच पुढं जात राहा.” मग परतूरच्या द्वारकाबाईंचा व्हॉइस मेसेज आला. त्यांची कौसल्या वर्गात होती, उन्हाळ्यात तिचं लग्न झालं.

“मॅडम, कौसल्या नांदायला गेली तवापासून तिनं काढलेलं आमचं घर भिंतीला लावलंय. येता-जाता बघती मी. त्याला काई होणार न्हाई ना?”

ताहेरानं लिहिलं, “भिंतीवरून काढू नका, मावशी. हात लावू नका. आहे तोवर बघा.”

“म्हंजे किती दिवस?”

कौसल्याचा हात जड होता. ती बोरू शाईत पुरता बुडवायची, आणि ताहेरानं त्यासाठी सगळ्या वर्गासमोर तिची पाठ थोपटली होती.