बटणांच्या डब्यातली शेवटची कॅप्सूल

मी एक कॅप्सूल बोलतेय. अर्धी लाल, अर्धी पिवळी आणि पूर्ण वैतागलेली. जंतू मारण्यासाठी माझा जन्म झाला, पण सारं आयुष्य गेलं ते बटणांच्या डब्यात. हुकांची पुडी, उसवलेल्या चेनी आणि चार रंगांचे दोरे, हाच माझा गोतावळा.

जन्माच्या वेळी असं काही वाटलं नव्हतं हो. ज्या खोलीत मी झाले तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली असायची. शिंक आली तरी बाहेर जाऊन शिंकायची. त्यांना बघून वाटलं, माणूस हा किती काळजी घेणारा प्राणी आहे! हा गैरसमज पुढे फार दिवस टिकला नाही.

आम्ही दहा बहिणी एका स्ट्रिपमध्ये. पाठीवर ठसठशीत लाल रेघ आणि खाली लिहिलेलं, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. ती ओळ कुणी वाचल्याचं मी तरी पाहिलं नाही.

आम्ही ज्यांच्या घरी आलो त्या काकू कपडे शिवतात. खिडकीजवळ मशीन, मशीनवर बटणांचा डबा आणि भिंतीला टेकून बसलेले, बस चालवून निवृत्त झालेले काका. काकूंच्या काखेत गळू झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "सकाळी एक, संध्याकाळी एक, पाच दिवस. मध्येच बरं वाटलं तरी सोडायचं नाही." काकू म्हणाल्या, "हो हो." माणसांचं "हो हो" काय चीज असते, ते मला तेव्हा कुठे ठाऊक होतं?

दोन दिवसांत चार बहिणी कामी आल्या आणि गळू बसलं. पाचवीची वेळ झाली तेव्हा काकू म्हणाल्या, "आता बरं वाटतंय. उगाच कशाला पोटात ढकलायच्या? पुढे लागतील." आणि आम्हा सहाजणींना त्यांनी डब्यात टाकलं.

यात काकूंचा स्वभाव आहे. चिंधी, दोरा, अर्धं बटण, काही टाकायचं नाही. उरलेल्या तुकड्यांतून त्या उशांचे अभ्रे शिवतात, तेही असे की बघत राहावं. पण बाई गं, कापड उरतं तसं औषध उरत नसतं! चौघींनी जे जंतू मारले ते कच्चे होते. जे चिवट होते ते जिवंत राहिले, त्यांनी आम्हाला नीट निरखून घेतलं आणि पोरंबाळं वाढवली. त्यांची शाळा उत्तम चालली होती. आम्ही मास्तरणी आणि फी माफ.

मध्यंतरी आरोग्य खात्याच्या एक बाई घरोघरी पत्रकं वाटत आल्या. जीव तोडून सांगत होत्या बिचाऱ्या, घसा सुकला त्यांचा. काकूंनी त्यांना पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, पुन्हा "हो हो" म्हणाल्या. मग पत्रकाची सुबक घडी घालून ती डब्याच्या तळाशी अंथरली, म्हणजे सुयांना गंज लागणार नाही. तेव्हापासून मी "औषध अर्धवट सोडू नका" या ओळीवर झोपत होते. झोप कसली लागतेय!

पाचवी बहीण गेली काकांच्या सर्दीवर. सर्दी आमच्या हातात नसते, तिचा कारभार वेगळा. पण काका तीन दिवसांनी बरे झाले, जसे ते एरवीही झाले असते, आणि सगळ्या जिन्याला सांगत सुटले, "एकच घेतली, सर्दी पळाली!" झालं, काकूंचा दवाखाना सुरू झाला. खालच्या मजल्यावरच्या चष्मेवाल्या बाईंची दाढ दुखली, त्यांना दोन. पुढच्या महिन्यात काकूंचं गळू पुन्हा वर आलं, तेव्हा त्यांनी एक घेतली. जरासं उतरलं, म्हणून दुसरी घेतली नाही. स्ट्रिपमध्ये आम्ही दोघीच उरलो, नववी आणि मी.

मग तो दिवस आला. काकू घाईघाईनं पडद्यांना दुमड घालत होत्या. काका म्हणाले, "अगं, ऐकलंस का?" काकूंनी मान वळवली आणि मशीनची सुई डाव्या हाताच्या पहिल्या बोटातून आरपार गेली. हे बोट म्हणजे काकूंची पोटापाण्याची सोय. कापड सुईखाली सरळ जातंय की नाही, ते या बोटाच्या टोकाला कळतं. काकू म्हणायच्याच, "माझे डोळे तिथे आहेत."

"दवाखान्यात जाऊ या," काका म्हणाले.

"एवढ्याशा सुईला दवाखाना? आपल्याकडे आहे की औषध."

त्यांनी नववीला फोडलं आणि तिची पूड जखमेवर भुरभुरली. पोटातून काम करणारी बाई ती, तिला अशी बोटावर शिंपडून काय होणार? वरून चिंधी बांधली. चिंधीसुद्धा उरलेलीच.

तिसऱ्या दिवशी बोट वांग्यासारखं झालं. काका मेडिकलमध्ये गेले आणि माझ्याच जातीच्या चार घेऊन आले. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी मागितली होती म्हणे, पण तोंडदेखलं. काका म्हणाले, "अरे, मला ओळखत नाहीस का?" आणि तो ओळखत होता. ओळखीवर जंतू मरत असते तर काय हवं होतं!

चारही पोटात गेल्या. बोटाची सूज तळव्यावर आली, मनगटापासून एक लाल रेघ वर चढायला लागली आणि काकू तापानं फणफणल्या. आमच्या पाठीवरची लाल रेघ कुणी पाहिली नव्हती. ही मात्र काकांनी पाहिली आणि डबा पिशवीत टाकून रिक्षा बोलावली.

इस्पितळात त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी विचारलं, "घरी काय काय घेतलंत?" काकांना नाव सांगता येईना, म्हणून त्यांनी पिशवीतून आणलेला डबाच टेबलावर उपडा केला. बटणं घरंगळली, हुकं सांडली, दोऱ्याची रिळं पळाली, पत्रकाची घडी पडली आणि तिच्यावर मी, एकटी, नऊ रिकाम्या घरांसकट. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरीणबाईंनी पत्रक उलगडलं, वाचलं आणि पुन्हा घडी घातली. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

बोट चिरून पू काढला आणि तपासायला पाठवला. दोन दिवसांनी कागद आला. त्यावर कोणती औषधं या जंतूंवर चालतात आणि कोणती नाही, त्याची यादी होती. आठांपैकी सहांपुढे "चालत नाही." त्यात पहिलं नाव आमचं.

"माझ्या अंगाला या गोळीची सवय झाली असेल," काकू पडल्या पडल्या म्हणाल्या.

"तुमच्या अंगाला नाही काकू, जंतूंना सवय झालीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे नेमके कुठे तयार झाले ते मला सांगता येणार नाही. पण होतात ते असेच. दोन गोळ्या इथे, एक तिथे. दोन औषधं अजून लागू पडतील. तीही अशीच वाटली, तर पुढच्या माणसाला द्यायला माझ्याकडे काही नसेल."

"बोट वाचेल ना?"

"हात वाचवायचा प्रयत्न करतेय."

काका बाहेर बाकावर जाऊन बसले. डबा मांडीवर होता. रडत होता हो तो माणूस, आणि मधूनमधून एकेक बटण उचलून डब्यात टाकत होता. इतके दिवस मी त्यांच्यावर चिडून होते. त्या दिवशी नाही चिडता आलं मला.

हात वाचला. बोटाचं वरचं पेर गेलं, हाड सडलं होतं. मग सुईतून औषध, दर आठ तासांनी. प्रत्येक वेळी सिस्टर आधी हात धुणार, मगच काकूंना हात लावणार. एकदा काकूंना भेटायला आलेल्या चष्मेवाल्या बाई तशाच पलंगाला हात लावायला गेल्या, तर सिस्टरनं त्यांनाही बेसिनपाशी उभं केलं.

घरी जाताना पुढच्या दोन आठवड्यांच्या गोळ्या दिल्या. या वेळी काकू "हो हो" म्हणाल्या नाहीत. घरी येऊन त्यांनी एक पांढरी पट्टी कापली. गोळी घेतली की पट्टीवर एक टाका, त्या थोट्या बोटानं धरून. पहिले टाके इतके वाकडे की एखाद्या शिकाऊ पोरीनं घातले असते तर काकूंनी उसवायला लावले असते. आठव्या दिवशी बोट पूर्ण कोरडं झालं. काका म्हणाले, "बरी झालीस की. आता कशाला—"

काकूंनी नुसतं वर पाहिलं. "शेवटची गाठ न मारता मी कधी कुणाचं कापड दिलंय?"

चौदा दिवस भरले. काकूंनी गाठ मारली आणि दोरा दातानं तोडला.

आता माझं ऐका. परवा चष्मेवाल्या बाई नाक पुसत आल्या. "काकू, ती एक उरलीय ना तुमच्याकडे? द्या की. डब्यात पडून काय करायचीय?"

काकूंनी मला बाहेर काढलं. मी म्हटलं, झालं, गेले मी सर्दीत. काकूंनी मला उजव्या हातात धरलं आणि डावा हात त्यांच्या चष्म्यासमोर नेला.

"ही उरलीय," त्या म्हणाल्या, "आणि हे बोटही एवढंच उरलंय. दुसरं म्हणाल तर हिच्या दोन बहिणी मी तुमच्याही पोटात घातल्यात, दाढेच्या वेळी. माफ करा मला. आधी डॉक्टरांकडे जा."

चष्मेवाल्या बाई नाक पुसायचं विसरल्या.

त्याच दुपारी काकू स्वतः मला घेऊन मेडिकलमध्ये गेल्या. तिथे उरलेल्या औषधांसाठी एक बंद पेटी ठेवलीय, कधीपासूनची. काकांना चार गोळ्या दिल्या तेव्हाही ती तिथेच होती. मेडिकलवाला मान खाली घालून म्हणाला, "चिठ्ठीशिवाय आता देत नाही मी, काकू." काकूंनी मला फटीतून आत सोडलं. सोडताना त्यांचं आखूड बोट माझ्या पाठीवरच्या लाल रेघेवरून फिरलं. ती ओळ त्यांनी पहिल्यांदा वाचली, तीही बोटानं.

आत काळोख होता. वाटलं, एकटीच असेन. पण अगं बाई! खालपासून वरपर्यंत आम्हीच. कुणी तिघी, कुणी पाच, कुणी माझ्यासारखी एकटी. प्रत्येकीची गोष्ट सुरू होत होती ती एकाच वाक्यानं: "दोन दिवसांत बरं वाटलं, म्हणून..."

आता आम्हाला जाळतील. जाळोत. मला फक्त एवढंच वाईट वाटतं की मला खरंच कुणालातरी बरं करायचं होतं. चौथीच्या मागून पाचवी, मग सहावी, आणि शेवटी मी, अशी पाच दिवसांत आमची ओळ पूर्ण झाली असती, तर काकूंचं बोट आज सुईपुढे असतं. माझ्या नशिबात ते नव्हतं. तुमच्या घरातल्या डब्यात माझी एखादी बहीण असेलच, जरा बघा. तिला शेजारणीला देऊ नका. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांनी दहा दिल्या, तर दहावीपर्यंत घ्या हो.